लँग्वेज सर्व्हर एडिटरमध्ये कसा बसवायचा, आणि चालत नसेल तर कुठे बघायचं

फंक्शनचं नाव अर्धं टाइप केलं की पुढचं सुचतं, चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते, नावावरून थेट त्याच्या व्याख्येवर उडी मारता येते. ही कामं बहुतेक एडिटर आता स्वतः करत नाहीत. त्यासाठी लँग्वेज सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो. एडिटर तो मागे सुरू करून ठेवतो आणि दोघं एकमेकांना जेसनमधले (साध्या मजकुरात माहिती मांडण्याची एक पद्धत) निरोप पाठवत राहतात. या निरोपांचे नियम म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, थोडक्यात एलएसपी. मायक्रोसॉफ्टने तो व्हीएस कोडसाठी तयार केला आणि 2016 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. त्यामुळे सी++ साठीचा क्लँगडी हा एकच सर्व्हर व्हीएस कोड, निओव्हिम, ईमॅक्स, हेलिक्स, केट अशा कुठल्याही एडिटरमधून वापरता येतो.

सर्व्हर इन्स्टॉल करायला पाच मिनिटं लागतात. घोडं पेंड खातं ते नंतर. एक तर सर्व्हरची फाइल एडिटरला सापडत नाही. सापडली तर प्रोजेक्ट नेमका कुठून सुरू होतो हे सर्व्हरला कळत नाही. तेही कळलं, तर तो कोड कोणत्या पर्यायांनी कंपाइल होतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तक्रार कुठलीही असो, याच क्रमाने तपासत गेलात तर वेळ वाया जात नाही. (कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.)

आधी टर्मिनल, मग एडिटर

एडिटरला हात लावण्याआधी सर्व्हर टर्मिनलमधून चालतोय याची खात्री करा. ही पायरी गाळली की पुढे एरर आली तर दोष सर्व्हरचा की एडिटरच्या सेटिंगचा, हेच समजत नाही.

रस्टसाठी:

रस्टअप कंपोनंट ॲड रस्ट-ॲनालायझर रस्ट-एसआरसी

यातला दुसरा घटक, रस्ट-एसआरसी, अनेक जण सोडून देतात. तो नसेल तर स्टँडर्ड लायब्ररीचा सोर्स सर्व्हरला दिसत नाही आणि व्हेक किंवा ऑप्शनवरच्या मेथड सुचणं बंद होतं.

गोसाठी:

गो इन्स्टॉल गोलँग.ऑर्ग/एक्स/टूल्स/गोपीएलएस@लेटेस्ट

हा गो टीमचाच सर्व्हर आहे. नावाचा अधिकृत उच्चार ‘गो प्लीज’ असला तरी कमांडमध्ये जी, ओ, पी, एल, एस ही पाच अक्षरं येतात. फाइल सहसा होम फोल्डरमधल्या गो/बिन मध्ये जाते, आणि तो फोल्डर पाथमध्ये (प्रोग्रॅम ज्या फोल्डरांत शोधले जातात त्यांची यादी) नसणं ही गोच्या बाबतीत सगळ्यात जास्त आढळणारी अडचण.

पायथनच्या पायराइटला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) लागतं: एनपीएम इन्स्टॉल -जी पायराइट. टाइपस्क्रिप्टसाठी टाइपस्क्रिप्ट-लँग्वेज-सर्व्हर आणि टाइपस्क्रिप्ट ही दोन्ही पॅकेजं एकत्र घ्या. क्लँगडी एलएलव्हीएम या कंपाइलर प्रकल्पाचा भाग आहे. उबंटू आणि डेबियनवर तो ‘सुडो एपीटी इन्स्टॉल क्लँगडी’ने मिळतो.

आता आवृत्ती विचारा. रस्ट-ॲनालायझर आणि क्लँगडी यांना --व्हर्जन लागतं, गोच्या सर्व्हरला डॅश न लावता नुसतं व्हर्जन. रस्टमध्ये एक फसवी गोष्ट आहे. घटक इन्स्टॉल केलेला नसला तरी रस्टअपने त्या नावाची छोटी फाइल कार्गोच्या (रस्टचं बिल्ड साधन) बिन फोल्डरमध्ये ठेवलेली असू शकते. मग ‘व्हिच’ कमांड मार्ग दाखवते, एडिटरलाही फाइल सापडते, आणि चालवल्यावर मात्र ‘अननोन बायनरी’ अशी एरर येते. म्हणून मार्ग दिसला की काम झालं असं धरू नका, आवृत्तीचा आकडा दिसेपर्यंत थांबा.

क्लँगडी किंवा रस्ट-ॲनालायझर कुठलाही पर्याय न देता चालवला तर टर्मिनल नुसतं थांबून राहतं. सर्व्हर अडकलेला नसतो, तो एडिटरच्या पहिल्या निरोपाची वाट बघत असतो. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा. पायराइट-लँगसर्व्हर मात्र --एसटीडीआयओ शिवाय लगेच एरर देऊन बंद होतो, कारण निरोप कोणत्या वाटेने येणार हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. टाइपस्क्रिप्टच्या सर्व्हरलाही हाच पर्याय द्यायचा.

टर्मिनलमध्ये चालतो, एडिटरमध्ये नाही

हे झालं की पाथकडे बघा. मॅकवर डॉकमधून किंवा लिनक्सवर मेनूमधून उघडलेल्या एडिटरला टर्मिनलचा पाथ मिळेलच असं नाही, कारण तो बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसी या फाइलींमध्ये ठरतो आणि त्या शेल उघडल्यावरच वाचल्या जातात. खात्री करायला एडिटर पूर्ण बंद करा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून तिथूनच सुरू करा. सर्व्हर चालू झाला तर दुखणं पाथचंच आहे. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे एडिटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पूर्ण मार्ग लिहिणं. मात्र नोडच्या आवृत्त्या बदलणारं साधन वापरत असाल तर त्या मार्गात आवृत्तीचा आकडा असतो आणि पुढच्या अपडेटला तो मार्ग मोडतो, हे लक्षात ठेवा.

सर्व्हर सुरू करायला स्वतःची शेल स्क्रिप्ट लिहिली असेल, तर तिच्यातून एकही ओळ छापली जाऊ देऊ नका. एडिटर आणि सर्व्हर स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुटवरून बोलतात. प्रत्येक निरोपाआधी ‘कंटेंट-लेंग्थ’ अशी ओळ येते, तिच्यात पुढच्या मजकुराचे बाइट असतात, मग एक रिकामी ओळ आणि मग जेसन. स्क्रिप्टमधला ‘सर्व्हर सुरू होतोय’ असा साधा एको या प्रवाहात घुसला की एडिटरला पहिलाच निरोप वाचता येत नाही. छापायचंच असेल तर स्टँडर्ड एररवर छापा, तो मजकूर लॉगमध्ये जातो.

एडिटरची बाजू

व्हीएस कोडमध्ये वेगळं सर्व्हर इन्स्टॉलेशन बरेचदा लागतच नाही. रस्टचं एक्स्टेन्शन स्वतःचा सर्व्हर सोबत आणतं, क्लँगडीचं एक्स्टेन्शन नसल्यास डाउनलोड करू का असं विचारतं, टाइपस्क्रिप्टची सोय मुळातच आत आहे. मात्र मशीनवर एक आणि एक्स्टेन्शनमध्ये दुसरी अशा दोन आवृत्त्या राहतात, आणि टर्मिनलमधली अपडेट केली म्हणून एडिटरमधली बदलत नाही. आपलीच हवी असेल तर रस्टसाठी ‘रस्ट-ॲनालायझर.सर्व्हर.पाथ’ आणि सीसाठी ‘क्लँगडी.पाथ’ या सेटिंगमध्ये मार्ग द्या.

नवा फोल्डर उघडल्यावर व्हीएस कोड त्यावर विश्वास ठेवायचा का असं विचारतो. ‘नाही’ म्हटलं की रिस्ट्रिक्टेड मोड लागतो आणि बरीच एक्स्टेन्शन बंद राहतात. सर्व्हर गप्प असण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. तरीही हा प्रश्न न वाचता ‘हो’ दाबू नका. रस्ट-ॲनालायझर प्रोजेक्ट समजून घेण्यासाठी त्यातली बिल्ड स्क्रिप्ट आणि प्रोसिजरल मॅक्रो प्रत्यक्ष चालवतो. म्हणजे अनोळखी कोड नुसता वाचायला उघडला तरी त्यातला काही भाग तुमच्या मशीनवर चालतो.

निओव्हिमच्या 0.11 आवृत्तीपासून प्लगइनशिवाय काम होतं. कॉन्फिग फोल्डरमध्ये ‘एलएसपी’ नावाचा फोल्डर करा आणि त्यात सर्व्हरच्या नावाची लुआ फाइल ठेवा. तिने एक टेबल परत करायचं. त्यात सीएमडी म्हणजे सर्व्हरची कमांड (यादीच्या रूपात, प्रत्येक पर्याय वेगळ्या अवतरणात), फाइलटाइप्स म्हणजे कोणत्या फाइलींसाठी, आणि रूट_मार्कर्स म्हणजे प्रोजेक्टचं मूळ कशावरून ओळखायचं. मग इनिट फाइलमध्ये व्हिम.एलएसपी.इनेबल असं लिहून कंसात ते नाव द्या. सगळे पर्याय एकाच अवतरणात लिहिले, तर निओव्हिम त्या अख्ख्या नावाची फाइल शोधत बसतो. नुसते पर्याय भरून द्यायला एनव्हिम-एलएसपीकॉन्फिग हे प्लगइन आजही सोयीचं आहे, पण एकदा हाताने फाइल लिहून पाहा. बिघाड झाल्यावर कुठे बघायचं हे त्यातून कायमचं कळतं. तपासणीची कमांड ‘:चेकहेल्थ व्हिम.एलएसपी’. चालू असलेला सर्व्हर आणि त्याने धरलेला मूळ फोल्डर दोन्ही तिथे दिसतात.

हेलिक्समध्ये बहुतेक भाषांची जुळणी आधीच केलेली असते. ‘एचएक्स --हेल्थ रस्ट’ चालवलं की सर्व्हर सापडला की नाही ते समजतं, बदल करायचे तर लँग्वेजेस.टॉमल मध्ये. ईमॅक्समध्ये 29 व्या आवृत्तीपासून एग्लॉट आतच आहे. फाइल उघडून एम-एक्स एग्लॉट म्हणा.

मूळ फोल्डर

सुरुवातीच्या निरोपातच एडिटर सर्व्हरला प्रोजेक्टचं मूळ सांगतो. ते चुकलं की लक्षणं विचित्र दिसतात: उघडलेल्या फाइलपुरतं सगळं चालतं, दुसऱ्या फाइलमधलं नाव मात्र सापडत नाही, किंवा प्रत्येक इम्पोर्टखाली लाल रेघ येते. लोक अशा वेळी सर्व्हर काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार.

रस्टला कार्गो.टॉमल लागते, गोला गो.मॉड. एका रिपॉझिटरीत दोन-तीन गो मॉड्यूल असतील तर वरच्या फोल्डरमध्ये ‘गो वर्क इनिट’ आणि मग प्रत्येकासाठी ‘गो वर्क यूज’ चालवा. तयार झालेली गो.वर्क फाइल सर्व्हर आपसूक वाचतो. रस्टमध्ये कार्गो.टॉमल आतल्या फोल्डरमध्ये खोल असेल तर ‘लिंक्डप्रोजेक्ट्स’ या सेटिंगमध्ये तिचा मार्ग द्या.

याउलटही होतं. होम फोल्डरमध्ये कधीतरी चुकून तयार झालेली पॅकेज.जेसन किंवा .गिट पडून असते, आणि एडिटर वर शोधत जाता जाता तिलाच मूळ समजतो. मग सर्व्हर अख्खा होम फोल्डर चाळायला घेतो, पंखा जोरात फिरू लागतो आणि मेमरी भरत जाते. मूळ म्हणून दिसणारा मार्ग अपेक्षेपेक्षा छोटा असेल तर आधी हीच फाइल शोधा.

क्लँगडीला कंपाइलरचे पर्याय द्या

सी आणि सी++ मध्ये ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. गो किंवा रस्टमध्ये बिल्डची माहिती ठरलेल्या फाइलीत असते. सी++ मध्ये हेडर कुठे आहेत, कोणते मॅक्रो चालू आहेत, भाषेचं कोणतं मानक आहे, हे सगळं कंपाइलरच्या कमांडमध्ये असतं आणि क्लँगडीला ती आपोआप दिसत नाही. ती सांगणारी फाइल म्हणजे कंपाइल_कमांड्स.जेसन. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: कमांड कुठल्या फोल्डरमध्ये चालली, पूर्ण कमांड काय होती, आणि ती कोणत्या सोर्स फाइलची.

सीमेक वापरत असाल तर:

सीमेक -एस . -बी बिल्ड -डी सीमेक_एक्सपोर्ट_कंपाइल_कमांड्स=ऑन

एस, बी, डी आणि त्यापुढचं लांब नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं. हा पर्याय मेकफाइल आणि निन्जा या जनरेटरांवरच चालतो. व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर निवडला असेल तर तो निमूटपणे दुर्लक्षिला जातो आणि फाइल तयारच होत नाही. क्लँगडी ही फाइल सोर्सच्या वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये आणि तिथल्या ‘बिल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये शोधतो. तुमच्या फोल्डरचं नाव ‘आउट’ किंवा ‘बिल्ड-डीबग’ असेल तर ती सापडणार नाही. मुळाशी तिची सिम्बॉलिक लिंक करून ठेवा.

साधी मेकफाइल असेल तर बेअर वापरा, ते मेक चालू असताना कंपाइलरच्या कमांड टिपून हीच फाइल बनवतं. आधी ‘मेक क्लीन’, मग ‘बेअर -- मेक’. क्लीन न करता चालवलं तर मेक म्हणतं सगळं ताजं आहे, एकही फाइल कंपाइल होत नाही, आणि हाती रिकामी यादी येते. दोन डॅश 3.0 आवृत्तीपासून लागतात, जुन्या बेअरला त्यांच्याशिवाय चालवायचं. दोन-चार फाइलींचा प्रोजेक्ट असेल तर इतकंही नको. कंपाइल_फ्लॅग्स.टीएक्सटी मध्ये एका ओळीवर एक पर्याय लिहिला की झालं.

मायक्रोकंट्रोलरसाठी आर्मचा जीसीसी वापरणाऱ्यांना फाइल तयार असूनही ‘एसटीडीइंट.एच सापडत नाही’ अशी एरर दिसते. क्रॉस कंपाइलरला त्याच्या आतल्या हेडरचे मार्ग माहीत असतात, क्लँगडीला नसतात. ते विचारून घेण्यासाठी क्लँगडीने तो कंपाइलर चालवावा लागतो, आणि फाइलीत लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम परवानगीशिवाय चालवणं धोक्याचं, म्हणून क्लँगडी ते आपणहून करत नाही. परवानगी द्यायची ती --क्वेरी-ड्रायव्हर= या पर्यायाने. त्यापुढे कंपाइलरचा मार्ग लिहा, शेवटी तारा चिन्ह चालतं. तो कंपाइल_कमांड्समध्ये नोंदलेल्या मार्गाशी जुळला पाहिजे. जीसीसीचा एखादा पर्याय क्लँगला कळत नसेल तर ‘अननोन आर्ग्युमेंट’ येतं. मुळाशी .क्लँगडी नावाची फाइल करा, त्यात कंपाइलफ्लॅग्सखाली रिमूव्ह लिहून तो पर्याय द्या.

हे सगळं एडिटरशिवाय तपासता येतं: क्लँगडी --चेक=सोर्स/मेन.सीपीपी. कोणती कमांड वापरली आणि कुठे अडलं ते ओळीने छापलं जातं. यादी सापडलीच नसेल तर हेडरशी झुंजत बसू नका, आधी यादी ठीक करा.

पायथनचं एन्व्हायर्नमेंट, रस्टचं कुलूप

पॅकेज इन्स्टॉल केलेलं आहे, प्रोग्रॅम चालतो, तरी पायराइट म्हणतो इम्पोर्ट सापडत नाही. कारण तो दुसऱ्याच पायथनकडे बघतोय. पायराइटकॉन्फिग.जेसन मध्ये व्हेन्व्हपाथ आणि व्हेन्व्ह अशा दोन नोंदी करायच्या. चूक नेहमी पहिलीत होते. व्हेन्व्हपाथ म्हणजे ज्या फोल्डरच्या आत एन्व्हायर्नमेंट आहे तो फोल्डर, आणि व्हेन्व्ह म्हणजे आतल्या एन्व्हायर्नमेंटचं नाव. प्रोजेक्टमध्येच .व्हेन्व्ह असेल तर पहिल्यात नुसता टिंब, दुसऱ्यात .व्हेन्व्ह. हीच माहिती पायप्रोजेक्ट.टॉमल मध्येही देता येते, पण दोन्ही फाइली असतील तर पायराइटकॉन्फिगचंच ऐकलं जातं.

रस्टमध्ये सेव्ह केल्याबरोबर सर्व्हर मागे कार्गो चेक चालवतो. त्याच वेळी टर्मिनलमध्ये कार्गो बिल्ड चालवलं की ते ‘फाइल लॉकची वाट बघतोय’ म्हणून थांबतं. ‘रस्ट-ॲनालायझर.कार्गो.टार्गेटडिर’ ट्रू करा, म्हणजे सर्व्हर टार्गेटच्या आत स्वतःचा वेगळा फोल्डर वापरेल. डिस्क जास्त लागते, पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये हा सौदा परवडतो. सर्व्हरने क्लिपीच्याही (रस्ट कोडमधल्या खटकणाऱ्या गोष्टी दाखवणारं साधन) सूचना दाखवाव्यात असं वाटत असेल तर ‘चेक.कमांड’मध्ये क्लिपी लिहा.

गोमध्ये बिल्ड टॅग असलेल्या फाइलीवर ‘या फाइलसाठी पॅकेज नाही’ असं आलं, तर बिल्डफ्लॅग्समध्ये तो टॅग -टॅग्स= या रूपात द्या.

रेघ सरकलेली दिसते

लाल रेघ चुकीच्या शब्दाखाली येते, किंवा नाव बदलताना भलतंच अक्षर कापलं जातं, आणि तेही काही ओळींवरच. त्या ओळी नीट बघा, बहुधा त्यांत रोमनशिवाय दुसरा मजकूर असतो. एलएसपीमध्ये ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजतात, आणि स्तंभ मुळात यूटीएफ-16 च्या एककांत मोजायचा असतो. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं चार दिसतात, यूटीएफ-16 मध्ये ती सात एककं होतात, यूटीएफ-8 मध्ये एकवीस बाइट. सर्व्हर बाइट मोजत असेल आणि एडिटर एककं, तर त्याच ओळीवर या शब्दाच्या पुढे येणारी प्रत्येक गोष्ट चौदा घरं सरकते. प्रोटोकॉलच्या 3.17 आवृत्तीपासून कोणतं माप वापरायचं हे दोघं सुरुवातीलाच ठरवू शकतात. त्यामुळे इलाज बहुतेक वेळा दोन्ही बाजू अपडेट करणं हाच. तोवर असा मजकूर कोडच्या ओळीवर न ठेवता वेगळ्या ओळीवर ठेवा.

लॉग

व्हीएस कोडमध्ये आउटपुट पॅनेल उघडा आणि उजवीकडच्या यादीतून सर्व्हरचं नाव निवडा. निओव्हिमचा लॉग होम फोल्डरमध्ये .लोकल/स्टेट/एनव्हिम/एलएसपी.लॉग इथे असतो, हेलिक्समध्ये ‘:लॉग-ओपन’, एग्लॉटमध्ये एग्लॉट-इव्हेंट्स-बफर. लॉग लांबलचक असतो. आधी पहिला ‘इनिशियलाइज’ निरोप शोधा आणि त्यातला रूटयूआरआय वाचा, मूळ फोल्डरचा प्रश्न तिथेच सुटतो. सर्व्हरच्या उत्तरातली ‘कॅपॅबिलिटीज’ ही यादीही बघा. तिच्यात फॉरमॅटिंग नसेल तर तो सर्व्हर फॉरमॅटिंग करतच नाही, एडिटरमध्ये कितीही बटणं दाबा.

एकच चूक दोनदा दिसत असेल तर दोन सर्व्हर चालू आहेत. व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेन्शन आणि क्लँगडी एकत्र असले की हे होतं. पहिल्याचं इंटेलिसेन्स इंजिन ‘डिसेबल्ड’ करा, डीबगर चालू राहतो.

लिनक्सवर मोठ्या प्रोजेक्टमध्ये बाहेरून बदललेल्या फाइली सर्व्हरला कळेनाशा झाल्या, तर फाइलींवर लक्ष ठेवण्याची कर्नलची मर्यादा संपलेली असते. जुन्या कर्नलमध्ये ती अवघी 8192 असे. एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूझर_वॉचेस ही किंमत 524288 करा. आणि कोड दुसऱ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये असेल, तर सर्व्हर, कंपाइलर आणि पॅकेजं सगळी तिथेच हवीत. व्हीएस कोडच्या रिमोट जोडणीत एक्स्टेन्शनही त्या बाजूला पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं, आपल्या मशीनवरचं तिथे चालत नाही.